बसून हसणाऱ्या शिट्टीकाकू

शिट्टीकाकू उभ्याने कधी हसायच्या नाहीत. गालातल्या गालात हसणं वेगळं, ते त्या कुठेही करत. पण खदखदून हसू येईल अशी नुसती शंका आली, तरी एक हात वर करून समोरच्याला थांबवायच्या. "थांब गो. माका बसाक दी, मगे सांग." मग खुर्ची, स्टूल, कट्टा, जे काही असेल त्यावर नीट बसायच्या, पायावर पाय टाकायच्या आणि म्हणायच्या, "हां, आता बोल." तोवर विनोदाची पार रया गेलेली असायची. तरी त्या हसायच्या, आणि अशा हसायच्या की सांगणाऱ्याला वाटावं, आपण काय झकास बोलतो.

एकदा मुलुंडला आमच्या बायकांच्या ग्रुपचा कार्यक्रम होता. लिफ्टमधून वर जाताना ग्रुपमधली मीनल सांगायला लागली, की तिच्या सासऱ्यांनी तिचा फेसपॅक बेसन समजून पिठल्यात घातला. काकूंनी तिच्या तोंडावर हात ठेवला, पुढच्याच मजल्याचं बटण दाबलं, बाहेर पडल्या, नऊवारी सावरत जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मग? खाल्लं कोणी?" आम्ही लिफ्टचं दार पायाने अडवून सगळी गोष्ट सांगितली. त्यांच्या हसण्याने शेजारच्या फ्लॅटचं दार उघडलं. आम्हाला वाटायचं, हा काकूंचा रुबाब आहे. बालवाडीच्या बाई होत्या ना, मुलांसमोर उभ्याने हसायचं नाही अशी सवय असेल.

आता सरळ सांगून टाकते, उगाच आडपडदा कशाला. काकू जोरात हसल्या, खोकल्या, शिंकल्या किंवा त्यांनी उडी मारली की त्यांची लघवी सुटायची. थोडीशीच, पण सुटायची. पाळी जायच्या सुमारास सुरू झालं ते थांबलंच नाही. बसून, पाय आवळून हसलं तर निभायचं. आणि ही बाई आमच्या फुगडीच्या ग्रुपची लीडर. फुगडी म्हणजे उड्या, गिरक्या आणि बसफुगडीत उकिडवं बसून कोंबडीसारखं उडणं. म्हणजे आली का पंचाईत.

ग्रुप बोरिवलीतल्या आमच्या सोसायटीतल्या बायकांचा. श्रावणात मंगळागौर, मग गणपती, नवरात्र, संक्रांतीचं हळदीकुंकू, अशा कार्यक्रमांच्या सुपाऱ्या आम्हाला बऱ्यापैकी मिळायच्या. काकू मूळच्या मालवणकडच्या. काका गिरणीत होते, गिरणी गेल्यावर एका गोदामात लागले. काकूंनी घरातच बालवाडी काढली आणि मुलांना रांगेत उभं करायला एक शिट्टी घेतली. बालवाडी बंद झाली तरी शिट्टी गळ्यात राहिली, नाव पडलं ते पडलंच. बोलणं एरवी मुंबईचं. राग आला किंवा माया आली की मालवणी. त्यामुळे त्या मालवणीत सुरू झाल्या की आम्ही आधी चेहरा बघायचो.

मी अकोल्याकडची. आमच्याकडे जयंतीच्या मिरवणुकीत लेझीम, फुगडी फार तर शाळेत खेळलेली. सोसायटीत राहायला आले तेव्हा कठड्याला टेकून ह्या बायकांची प्रॅक्टिस बघत उभी होते. काकूंनी शिट्टी वाजवून मला बोलावलं. "नुसती बघतेस काय? काय येतं? लेझीम? मग पायात ताल आहे. चल." माझा होकार विचारायची पद्धत त्यांच्यात नव्हती. ऑफिस, घर आणि मुलाची दहावी ह्यांच्यात मी कुठे तरी हरवून बसले होते. त्या बाईने मला हात धरून गरगर फिरवलं, आणि थांबल्यावर समोरची बिल्डिंग हलत असताना मला कळलं की मी किती तरी दिवसांनी मोठ्याने ओरडले आहे. त्या एका गोष्टीसाठी मी काकूंची जन्माची ऋणी आहे.

सुपारीचा फोन आला की काकूंचा पहिला प्रश्न ठरलेला. मानधन नाही, वेळ नाही. "बाथरूम कुठे आहे? स्टेजपासून किती लांब?" घाटकोपरच्या एका मंडळाने सांगितलं, की काकू, मैदानात कार्यक्रम आहे, बाथरूम समोरच्या शाळेत. काकूंनी सुपारी सोडून दिली. आम्ही चरफडलो. कार्यक्रमाच्या आधी त्या आम्हाला एकेकीला विचारायच्या, "जाऊन आलीस? परत जा." साठीच्या बायकांनासुद्धा. आणि स्वतः त्या दिवशी सकाळपासून पाण्याचा थेंब घ्यायच्या नाहीत, चहा नाही, काही नाही. अंधेरीत एकदा खेळ संपता संपता त्यांना घेरी आली, तर आम्ही म्हटलं, श्रावणी सोमवार कडक करतात बिचाऱ्या.

साडीचंही तसंच. ग्रुपची नऊवारी गडद मरून, आणि ती नेसायची, शिवलेली चालणार नाही. काष्टा चांगला जाडजूड, घड्यांवर घड्या घालून. दर कार्यक्रमाला नेसायला तासभर जायचा. मीनल आमच्यात लहान, जेमतेम पस्तिशीची, तोंडाने फटकळ. अंधेरीच्या मोठ्या स्पर्धेत नाव द्यायचं ठरलं तेव्हा तिने मोबाइलवर फोटो दाखवले. शिवलेल्या नऊवाऱ्या, मोतिया रंगाच्या, सोनेरी काठांच्या. विजारीसारख्या पाय घालून चढवायच्या, पाच मिनिटांत तयार.

"मोतिया?" काकूंचा चेहरा पडला.

"स्टेजवर मस्त दिसतो काकू. आणि शिवलेली म्हणजे कशी घट्ट बसते, काही हलत नाही की सुटत नाही."

"नेसलेलीच हवी. आणि गडद."

"का पण? कारण तरी सांगा ना. आमच्या वेळी असं होतं, एवढंच ना?"

काकूंनी कारण सांगितलं नाही. कसं सांगणार? मीनलही इरेला पेटली. शिवलेली नसेल तर मी खेळणार नाही म्हणाली. शब्दाने शब्द वाढला. शेवटी काकूंनी गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "खेळा तुमका होया तसा. माका आता जमाचा नाय." मालवणीत बोलल्या, पण चेहऱ्यावर राग नव्हता. त्याचंच मला जास्त भ्या वाटलं.

आठ-दहा दिवस वाट बघितली. काकूंविना प्रॅक्टिस म्हणजे बिनमिठाची आमटी. मी शिट्टी पर्समध्ये टाकून त्यांच्या घरी गेले. मे महिना, आणि काकू वर्षाचा मालवणी मसाला करत होत्या. दार उघडलं तोच भाजलेल्या मिरच्यांचा ठसका अंगावर आला. काका खाली पळून गेले होते. "ये, ये, पण तोंडाला पदर लाव," काकू म्हणाल्या. मी ड्रेस घातला होता, पदर कुठून आणू? स्वयंपाकघराच्या दारात पोचले आणि मला शिंक आली.

माझंही सांगून टाकते. माझी पाळी तेव्हा कधी दोन महिने बेपत्ता, कधी पंधरवड्यात दारात हजर. आणि गेलं वर्षभर मलाही तोच त्रास. ऑफिसला जाताना बॅगेत जादाची सलवार न्यायचे. बसफुगडीच्या वेळी गुडघा दुखतो म्हणून बाजूला व्हायचे. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, कोणाला म्हणून सांगितलं नव्हतं. तर मला शिंक आली आणि मी सवयीने एका पायावर दुसरा पाय आवळून चौकट धरली. त्याच क्षणी काकूंना शिंक आली, आणि हातातला झारा तसाच ठेवून त्यांनीही पायावर पाय आवळून ओटा धरला.

आम्ही एकमेकींकडे बघितलं. पुन्हा दोघींना शिंक. पुन्हा तेच. दोन बायका, एक चौकटीला, एक ओट्याला, पायांची कात्री करून उभ्या.

"तुझां पण?" काकू म्हणाल्या.

"हो. तुमचंही?"

काकूंनी गॅस बंद केला, हात वर केला. "थांब. बसाक दी." आणि आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या लादीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. निम्मं पाणी मिरच्यांचं होतं. निम्मं नव्हतं.

मग त्या बोलल्या. "माझ्या आयेचापण असांच होता. गावात तिच्यासारखी फुगडी कोणाची नाय. मी सासरी आले, दोन-तीन वर्षांनी गणपतीला माहेरी गेले, तर ही चुलीकडून उठेचना. बायका बोलवायला आल्या, गेली नाय. मला वाटलं, माझ्यावर रुसली. किती वर्षं तसंच वाटत राहिलं. माझं सुरू झालं तेव्हा कळलं." पुढे म्हणाल्या, "सगळे म्हणतात पाळी गेली की हे असंच, बायलमाणसाचो जल्म. असेल. पण माका फुगडी सोडूची नाय गो."

ह्या बाईने मला हाताला धरून उभं केलं होतं, आणि ती स्वतः चुलीमागे जाऊन बसायला निघाली होती. मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. त्या म्हणाल्या, लाज वाटते. मी म्हटलं, मलाही वाटते, दोघी मिळून निम्मी निम्मी वाटू.

मालाडला एक डॉक्टरीणबाई होत्या, स्त्रियांच्या. कोणी ओळखीचं भेटू नये म्हणून मुद्दाम दोन स्टेशनं पलीकडची निवडली. बाहेर बसून काकूंनी मला दहादा बजावलं, की तूच बोल. आत गेल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "बोला, कोणाला दाखवायचंय?"

मी काकूंकडे बोट केलं. काकूंनी माझ्याकडे. "ह्यांच्यासाठी आलोय," "हिच्यासाठी आलोय," दोघी एकदम म्हणालो.

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "दोघींना तोच त्रास का?" आम्ही माना खाली घातल्या. "मग दोन फायली काढते. आणि अशी मान खाली घालून दिवसाला किती तरी बायका बसतात इथे, तुम्ही काही पहिल्या नाही." त्यांनी सगळं विचारलं, तपासलं, जंतूबिंतू नाहीत ना ते बघायला लघवी तपासायला दिली. मग समजावलं, की ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची एक झोळी असते. बाळंतपणं झाली, वय झालं, पाळी जायची वेळ आली की ती सैल पडते. हातापायाच्या स्नायूंना व्यायाम देतो तसा हिलाही द्यायचा. काकूंनी पाणी बंद करते म्हणून सांगितल्यावर मात्र त्या चांगल्याच तापल्या. "पाणी तोडायचं नाही. त्याने त्रास वाढतो. घेरी येईल ती वेगळीच." काकू माझ्याकडे बघेनात. अंधेरीचा सोमवार मला तेव्हा कळला.

व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी होती. लघवी आणि वारा दोन्ही अडवून धरतो तसं आतून वर ओढायचं, धरायचं, हळू सोडायचं. श्वास चालू ठेवायचा, पोट-मांड्या आवळायच्या नाहीत. शिंक येणार वाटलं की आधी आतून ओढून घ्यायचं. "रोज करा, तीन महिने धीर धरा," ती म्हणाली. "उभ्याने, बसून, कुठेही करा, कोणाला कळतसुद्धा नाही."

"कोणाक कळत नाय?" काकूंचे डोळे चमकले. मला वाटलंच, आता काही तरी होणार.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या पर्समधून शिट्टी काढून घेऊन प्रॅक्टिसला आल्या. सगळ्यांना रांगेत उभं केलं, मीनललाही बोलावून घेतलं. आणि बालवाडीत "डबा कोणी आणला नाही" विचारावं त्या सुरात म्हणाल्या, "हसताना, शिंकताना, उडी मारताना कोणाकोणाची लघवी सुटते? हात वर. माझी सुटते." आणि स्वतःचा हात वर केला. मीही केला. बाकी रांगेत कोणी पायाकडे बघतंय, कोणी मोबाइलकडे.

मग एक हात वर आला. मीनलचा.

"दुसऱ्या बाळंतपणापासून," ती म्हणाली. "पॅड लावून खेळते. नेसलेल्या साडीत ते हलतं हो काकू, मला सारखी भीती. शिवलेलीत आत घट्ट बसतं. म्हणून म्हणत होते."

काकू तिच्याकडे बघतच राहिल्या. "आणि मी काष्टा जाड मागत होते तो कशासाठी, वाटतं तुला? गडद रंग कशासाठी?" बायका पोरीबाळींसारख्या फिदीफिदी हसायला लागल्या, आणि काकू ओरडल्या, "आधी बसा सगळ्या!" आम्ही जागच्या जागी फरशीवर बसलो. हसता हसता आणखी हात वर आले. किती ते मोजलं नाही, पण आले. एकाच दुखण्यासाठी दोघी साडीवरून भांडत होत्या, एक नेसायची म्हणून आणि एक शिवायची म्हणून. साडीचा निकाल त्याच बैठकीत लागला. गडद मरून, पण शिवलेली.

त्या दिवसापासून प्रॅक्टिसच्या सुरुवातीला नवा कार्यक्रम. रांगेत उभं राहायचं. छोटी शिट्टी वाजली की आतून ओढून धरायचं, लांब शिट्टी संपेपर्यंत हळूहळू सोडायचं. सोबत काकूंनी केलेलं फुगडीचं गाणं:

धर गो सखये, धर गो धर,
श्वास नको धरू, बाकी सगळं धर.
सोड गो सखये, सोड हळूहळू,
शेजारणीला नको काही कळू.

सोसायटीचे सेक्रेटरी खाली फेऱ्या मारायचे. पहिल्या दिवशी बराच वेळ बघत राहिले आणि न राहवून म्हणाले, "काकू, नुसत्या उभ्याच आहात सगळ्या. प्रॅक्टिस सुरू कधी होणार?" काकू शांतपणे म्हणाल्या, "चालू आहे भाऊ." पूर्ण रांगेने खालचा ओठ दाताखाली धरला होता. एक-दोघींची त्या दिवसाची प्रॅक्टिस तिथेच वाया गेली.

जादू काही झाली नाही. दोन आठवड्यांत मी कंटाळले, तर काकूंचा सकाळी फोन, "केलंस? खोटां बोला नको." डॉक्टरांनी काकूंना एक मलमही दिलं होतं, त्याचाही फायदा झाला असेल. पण श्रावण येईपर्यंत माझ्या बॅगेतली जादाची सलवार घरी राहायला लागली. अंधेरीच्या स्पर्धेच्या दिवशी काकू विंगेत उभ्या राहून घटाघटा पाणी प्यायल्या. आम्ही सगळ्या ते बघत होतो. मग स्टेजवर गेल्या आणि मीनलबरोबर बसफुगडी अशी घातली की पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या शिट्ट्या मारायला लागल्या. आमचा नंबर आला उत्तेजनार्थ. "उत्तेजनार्थ म्हणजे काय गो?" काकूंनी विचारलं. मीनल म्हणाली, "म्हणजे पुढच्या वर्षी परत या." काकू हसल्या. पण खुर्चीवर बसूनच. "सवय," म्हणाल्या. "अजून भरवसो नाय."

आणखी दोन वर्षं अशीच मजेत गेली. मग आमची बिल्डिंग पाडून नवी बांधायची ठरली. बाकीच्यांनी आसपास भाड्याने घरं घेतली, काका म्हणाले, मी गावी जातो, मला आता समुद्र बघत बसायचंय. काकू हो म्हणाल्या. गावात गणपतीला फुगडीला बायका कमी पडतात, असं त्यांना कोणी तरी कळवलं होतं. जायच्या आदल्या दिवशी शिट्टी मीनलला दिली. मला थोडा रागच आला, लपवून काय करू? त्यांना तो दिसला. "तुका शिट्टी कशाक?" माझा गाल ओढत म्हणाल्या. "तू आपणहून करतंस."

निघायच्या सकाळी अख्खा ग्रुप गेटपाशी. टेम्पोत सामान, गाडीत काका-काकूंची जागा, सगळ्यांचे डोळे भरलेले. तेवढ्यात सेक्रेटरी आले, हात जोडले आणि अगदी मनापासून म्हणाले, "काकू, एक विचारायचं राहून गेलं. ती प्रॅक्टिस शेवटी सुरू झाली का हो?"

मला हसण्याची उकळी यायला लागली, मीनलला आलीच होती. मी काकूंकडे बघितलं आणि सवयीने धावले, वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि त्यांच्या मागे आणून टेकवली. "बसा काकू, बसा."

काकू बसल्या नाहीत. दोन्ही हात कमरेवर ठेवले, पाय फाकवून उभ्या राहिल्या, मान मागे टाकली आणि हसल्या. गेटपासून रिक्षा स्टँडपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, पोट धरून, थांबून, परत पहिल्यापासून. सेक्रेटरी काही न कळून आमच्यासोबत हसत होते. आम्ही हसत होतो, रडत होतो, एकमेकींच्या खांद्यांना धरून उभ्या होतो, आणि काका एकटेच म्हणत होते, "अगो, चल, उशीर होता."

हसू आवरल्यावर काकूंनी पदराने डोळे पुसले आणि मागे वळून खुर्चीकडे बघितलं.

"ही कोणाक आणलंस?" म्हणाल्या आणि काकांकडे बोट केलं. "ह्यांका दी. माका नको."